पाय धुणारा गुरू

ईस्टरपूर्वीचे रविवार वगळून ४० दिवस ख्रिस्ती लोक उपवासाचे मानतात. या काळाच्या अखेरच्या गुरुवारी पाय धुण्याचा विधी असतो. त्याचे मूळ योहानाच्या शुभवर्तमानात आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. ते काम तेव्हा दासांचे. पेत्राला ते पाहवेना.

पुढे राजेही गरिबांचे पाय धुऊ लागले. पण गंमत पाहा. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथच्या दरबारी ते पाय आधी धुलाईखात्याची माणसे धूत, मग धर्मादाय अधिकारी, आणि त्यानंतर राणी! १८व्या शतकात तेवढेही सुटले. राजाने नाणी वाटण्याची प्रथा मात्र आजही आहे.

२०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात १२ जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, मुसलमानही होते. नियम तेव्हा पुरुषांपुरताच होता; तो २०१६ साली बदलला.

गुरुजनहो, वर्गात ही हकिगत सांगाल तेव्हा मुलांना एवढेच विचारा : आधीच धुतलेले पाय पुन्हा धुण्यात वाकणे किती आणि दाखवणे किती?