आजार कोणाचा, खर्च कोणाचा?

दुखणे ज्याचे, औषधपाण्याचा खर्चही त्याचाच, हा आपला जुना शिरस्ता. पैशावाचून कोणी उपचाराला मुकू नये, असे 1946 साली भोर समितीने बजावले. 1948 चा राज्य कामगार विमा कायदा त्याच वळणाचा. आपल्या सातपूरला विम्याचे रुग्णालय आले ते त्यातूनच. त्यातले 64 वे कलम मला फार बोलके वाटते. आजार कशाने ओढवला, हे ते विचारीत नसे; भत्ता घेणाऱ्याने डॉक्टरांचे ऐकावे, बरे होण्यात विघ्न आणू नये, एवढेच सांगे. म्हणजे जबाबदारी दुखणे आल्यानंतरची! अमेरिकेत मात्र 2010 च्या कायद्याने तंबाखू ओढणाऱ्याकडून दीडपट हप्ता घेण्याची मुभा विमा कंपन्यांना दिली. हाच हिशेब इकडे लावला, तर सिन्नरला विड्या वळणाऱ्या बायांचा खोकला कोणाच्या खाती मांडावयाचा?