कांचेच्या भिंगापासून विजेच्या भिंगापर्यंत



शिक्षकाच्या हातून होणाऱ्या चुका बहुधा वर्गाबरोबरच विसरल्या जातात. माझी एक चूक मात्र पस्तीस वर्षें माझ्यापाशीं राहिली आहे. माझ्या चौथीच्या वर्गांत एक मुलगा होता. तो पुस्तक अगदीं नाकाशीं धरून वाची. जाड चष्मा असूनहि फळा त्याला दिसत नसे. हा असाच वाचीत राहिला तर असलेली दृष्टीहि गमावून बसेल, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मीं त्याच्या वडिलांना बोलावून सांगितलें कीं, याचें वाचन बंद करा. ऐकून जेवढें येईल तेवढें येऊं द्या. मास्तरांचा शब्द म्हणून त्यांनीं तो मानला, आणि दोन वर्षांत मुलगा शाळेंतून गेला.

ही समजूत माझ्या एकट्याची नव्हती हें मला मागाहून कळलें. पण त्यामुळें माझा दोष हलका होत नाहीं. १९०८ सालीं लंडनमध्यें, आणि १९१३ सालीं अमेरिकेंत बोस्टन व क्लीव्हलंड येथें, मंददृष्टि मुलांसाठीं निराळे वर्ग निघाले. हेतु चांगलाच होता: ज्यांना थोडें तरी दिसतें त्यांना अंधशाळेंत घालूं नये. परंतु अशा वर्गांचें ब्रीद ‘दृष्टि वांचविणें’ हें होऊन बसलें. दृष्टि म्हणजे जणूं कणगींतलें धान्य, जितकें काढावें तितकें कमी होणार! म्हणून पुस्तक कमी, तोंडी शिकवणें अधिक, आणि लिहावयाचें तें फळ्यावर मोठाल्या अक्षरांत. १९६४ सालीं नॅटली बरागा या अमेरिकन शिक्षिकेनें आपला प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हां या कणगीचा तळ फुटला. फार थोडें दिसणाऱ्या मुलांना तिनें पाहण्याचे पद्धतशीर धडे दिले. त्यांच्या डोळ्यांची मोजतां येणारी तीक्ष्णता होती तेवढीच राहिली, पण त्याच डोळ्यांनीं तीं मुलें पूर्वीपेक्षां पुष्कळ अधिक ओळखूं लागलीं. माझा विद्यार्थी माझ्यासमोर बसला तेव्हां हा प्रयोग जुना होऊन गेला होता. मला त्याची वार्ता नव्हती.

दृष्टि वापरावी हें ठरलें, तरी ती कशाच्या साहाय्यानें वापरावी हा प्रश्न राहतोच. त्याचें पहिलें उत्तर कांच हें होतें. रॉजर बेकन यानें १२६७ च्या सुमारास लिहून ठेवलें कीं, कांचेच्या गोलाचा तुकडा अक्षरांवर ठेवल्यास तीं मोठीं दिसतात व म्हाताऱ्यांना आणि अधू डोळ्यांच्या माणसांना त्याचा उपयोग होतो. त्याच शतकाच्या अखेरीस इटलींत चष्मा निघाला. आपल्याकडे तो केव्हां आला याचा शोध पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील परशुराम कृष्ण गोडे यांनीं घेतला. १९४७ सालच्या त्यांच्या लेखांत विजयनगरचे यतिश्रेष्ठ व्यासराय १५२० च्या सुमारास चष्म्यांतून पोथी वाचीत असल्याचा, एका संस्कृत चरित्रांतला उल्लेख पुढें आला. चष्म्याचा इतिहास पोथ्यांतून उकरून काढावा, हें गोड्यांनाच सुचावें!

पण कांचेला एक मर्यादा आहे, आणि ती कारागिराच्या कौशल्यानें ओलांडतां येत नाहीं. पांचपट मोठें दाखविणारें भिंग अक्षरापासून सुमारें पांच सेंटिमीटरांवर धरावें लागतें, दहापट दाखविणारें अवघ्या अडीच सेंटिमीटरांवर. भिंग जितकें जोरदार तितकें तें लहान, आणि त्यांतून दिसणारा टापूहि तितकाच अरुंद. मान आंखडते, पुस्तकावर स्वतःच्याच डोक्याची सावली पडते, आणि त्या फटींत लेखणी शिरत नसल्यानें लिहिणें तर दूरच राहतें.

अक्षर टेलिव्हिजनच्या पडद्यावर मोठें करावें ही कल्पना अमेरिकेंतील पॉट्स, व्होक व वेस्ट या तिघांनीं १९५९ सालीं नेत्रवैद्यकाच्या मासिकांत मांडली. ती मासिकांतच राहिली म्हटलें तरी चालेल. तिला घराघरांत नेण्याची तळमळ ज्याला होती, तो स्वतःच अल्पदृष्टि होता. सॅम्युअल जेनेन्स्की याचा जन्म १९२७ सालीं मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड येथें झाला. जन्मतांच डोळ्यांत चुकीचें औषध पडल्यानें त्याची दृष्टि जवळजवळ गेली. शाळेंत फळा दिसेना, तेव्हां हा पोरगा दुर्बीण घेऊन वर्गांत बसूं लागला. (त्याच्या मास्तरांनीं ती काढून घेतली नाहीं, याबद्दल मला त्यांचा हेवा वाटतो.) पुढें तो गणितांत डॉक्टर झाला व कॅलिफोर्नियांतील सँटा मोनिका येथें रँड या संशोधनसंस्थेंत काम करूं लागला. तेथें त्यानें पॉल बॅरन, मोशिन व स्टाइनगोल्ड यांच्यासह एक यंत्र जुळविलें व १९६८ सालीं त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. रचना साधीच: खालीं कागद, त्यावर रोखलेला टेलिव्हिजन कॅमेरा, आणि समोर पडदा. वाचणारा पाठ ताठ ठेवून बसतो. कॅमेऱ्याखालीं मोकळी जागा असल्यामुळें लेखणी धरून लिहितो, आणि उमटणारें अक्षर त्याला पडद्यावर दिसतें. याच जेनेन्स्कीनें १९७८ सालीं सँटा मोनिका येथें अंशतः दिसणाऱ्यांसाठीं एक केंद्र काढलें. २००९ सालीं तो वारला.

विजेच्या भिंगाची आणखी एक करामत कांचेला कधींच साधली नसती: काळ्याचें पांढरें व पांढऱ्याचें काळें करणें. मिनेसोटा विद्यापीठांत गॉर्डन लेग व त्यांचे सहकारी यांनीं १९८५ सालीं दाखवून दिलें कीं, ज्यांच्या डोळ्यांतील पारदर्शक भाग गढूळ झाला आहे, ते काळ्या पडद्यावरचीं पांढरीं अक्षरें अधिक वेगानें वाचतात. पांढऱ्या कागदाचा झगझगाट त्यांच्या डोळ्यांत धुक्यासारखा पसरतो, तो टळतो.

आतां माझेंच सांगतों. दोन वर्षांपूर्वीं माझ्या डोळ्यांतील पीतबिंदु झिजला. समोरच्या माणसाचे कान दिसावेत आणि तोंड दिसूं नये, अशी अवस्था झाली. मोतीबिंदु असता तर शस्त्रक्रियेनें भागलें असतें. तो नाहीं याची खात्री डॉक्टरांनीं प्रथम केली, आणि तशी प्रत्येकानें करून घ्यावी. मग मीं घाईनें एक हातांत मावणारें यंत्र विकत आणलें. दुकानदारानें अक्षर सर्वांत मोठें करून दाखविलें आणि मी हरखलों. घरीं आल्यावर कळलें कीं, पडद्यावर एका वेळीं तीनच अक्षरें मावतात. वाक्याचा शेवट येईपर्यंत आरंभ विसरतो. शिवाय हीं यंत्रें करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें रोमन लिपि असते. आपल्या लिपींत वर वेलांटी आणि खालीं उकार. बुटक्या पडद्यावर ओळ जराशी सरकली कीं उकार कापला जातो आणि ‘पुत्र’ वाचावयाचा तेथें ‘पत्र’ वाचलें जातें.

अल्पदृष्टीच्या तपासणीचा स्वतंत्र विभाग कांहीं नेत्ररुग्णालयांत असतो, तेथें मला अधिक चांगला सल्ला मिळाला. अक्षर जेमतेम ओळखूं येतें त्याच्या साधारण दुप्पट मोठें असावें; त्याहून वाढवीत गेल्यास वेग मंदावतो. माझ्यासारख्या मधल्या दृष्टीला डाग पडलेल्याला बरेंच मोठें अक्षर लागतें, तर कांचबिंदूनें ज्याच्या दृष्टीचा घेर आंवळला आहे त्याला तेंच अक्षर जाचक होतें. म्हणून शेजाऱ्याचें यंत्र पाहून आपलें घेऊं नये. जातांना रोजचें वर्तमानपत्र, औषधाची पट्टी आणि बँकेचें पुस्तक बरोबर न्यावें, आणि दुकानदाराच्या चकचकीत नमुन्यावर नव्हे तर त्यांवर यंत्र पारखावें. नुसती किंमत किंवा औषधाची मुदत पाहावयाची असेल तर हातांतलें यंत्र पुरे. आयफोनमध्यें २०१६ सालापासून भिंगाची सोय आहेच, मात्र हात कांपत असेल तर फोनला घोडी हवी. पुस्तक वाचावयाचें असेल तर मोठा पडदा आणि खालीं सरकणारी फळी यांना पर्याय नाहीं.

फळी सरकविण्याचा सराव मात्र चिकाटीनें करावा लागतो. डोळा स्थिर, कागद फिरता. ओळ संपली कीं त्याच ओळीवरून मागें यावें, आरंभाचा शब्द पुन्हां दिसला म्हणजे मगच एक ओळ खालीं उतरावें. तिरपें परतल्यास ओळ हटकून चुकते. मीं आठवडाभर फक्त मथळे वाचले, रोज पंधरा मिनिटें. पहिल्या दिवशीं तर गरगरून उलटीची भावना झाली. घरच्यांनीं त्या वेळीं ‘राहूं द्या, आम्ही वाचून दाखवतों’ असें म्हणूं नये. तें प्रेमानें म्हटलेलें असतें. मीहि त्या मुलाच्या वडिलांना प्रेमानेंच सांगितलें होतें.

दुसऱ्या महिन्यांत लेखणी पडद्याखालीं स्थिर राहूं लागली. पहिलें पत्र मीं त्या वडिलांच्या जुन्या पत्त्यावर लिहिलें: मुलगा आतां चाळिशी उलटलेला असेल, त्याला थोडें जरी दिसत असेल तरी एकदां अशा विभागांत नेऊन दाखवा; आणि माझें सांगणें चुकीचें होतें. उत्तर अद्याप आलेलें नाहीं. या महिन्यांत दुसरें पत्र पाठवीत आहें.