पेपराला बसू द्या, एवढंच मागणं होतं



आपल्या गटांच्या बैठकीत हल्ली कर्ज, हप्ते, शेळ्या यांचं बोलणं संपलं की कुणीतरी हळूच विचारतं, "मुलगी म्हणते वकील व्हायचंय. काय करावं लागतं?" याचं सरळ उत्तर असं, की बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा. आणि दोन्हींच्या आधी एक पेपर. दोन तासांचा, घड्याळ लावून. त्याला सीईटी म्हणतात. या पेपराचं सगळं आज सांगणार आहोत, पण त्याआधी थोडं मागं जाऊ. कारण हा पेपर मुलीला देता येतो, हीच गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वी भांडून मिळवावी लागली होती. आणि भांडणारी मुलगी आपल्या पुण्यातच शिकलेली होती.

कॉर्नेलिया सोराबजी त्यांचं नाव. जन्म नाशिकचा, १८६६ चा. घराणं पारशी, पण ख्रिस्ती झालेलं. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा चालवली. पुढे कॉर्नेलियाबाई डेक्कन कॉलेजात गेल्या. तिथे सगळे मुलगे. बाई वर्गाकडे येताना दिसली की आतून दार लावून घ्यायचे, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. तरी त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या, त्याही वरच्या नंबरात. त्या नंबराला इंग्लंडला जाऊन शिकण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळायची. हिशेबाने ती यांचीच होती. मिळाली नाही, कारण त्या बाई होत्या. नियमात बाई येईल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं.

मग इंग्लंडमधल्या काही ओळखीच्या बायकांनी आणि हितचिंतकांनी पैसे गोळा केले. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. वर्गणी काढून एका मुलीला शिकवायचं, हे आपल्या भिशीसारखंच झालं की! १८८९ मध्ये कॉर्नेलियाबाई ऑक्सफर्डला पोचल्या आणि कायदा शिकू लागल्या. तोवर तिथे कुठल्याच बाईने कायद्याची ती परीक्षा दिली नव्हती.

१८९२ साल आलं. अभ्यास पुरा झाला आणि अडचण आली ती पेपराला बसायची. मुलग्यांबरोबर हॉलमध्ये नको, आपल्या बायकांच्या कॉलेजात एकटीने बसून पेपर लिहावा, असं ठरत होतं. एका परीक्षकाने तर बाईचा पेपर तपासायलाच नकार दिला. कॉर्नेलियाबाईंना हे पटलं नाही. एकटीने कोपऱ्यात लिहिलेल्या पेपराला उद्या कुणी खरा पेपर म्हणणार नाही, हे त्या ओळखून होत्या. बेंजामिन जॉवेट नावाचे तिथले वजनदार प्राध्यापक त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि विद्यापीठाच्या सभेने खास ठराव केला, की या बाईला मुलग्यांसारखंच हॉलमध्ये बसून परीक्षा देता येईल. एका मुलीला एका बाकावर बसू देण्यासाठी विद्यापीठाचा ठराव!

त्या पास झाल्या, तिसऱ्या वर्गात. आम्हाला तो तिसरा वर्गही मोठाच वाटतो. ऐन परीक्षेच्या तोंडावर बसायला मिळणार की नाही याचीच खात्री नसेल, तर डोकं कुठून थाऱ्यावर राहणार? आणि पास होऊनही पदवी नाही. ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला १९२० मध्ये सुरुवात केली. कॉर्नेलियाबाईंच्या हातात ती १९२२ मध्ये पडली, पेपर दिल्यावर ३० वर्षांनी.

मधल्या काळात त्या गप्प बसल्या नव्हत्या. परत येऊन मुंबई विद्यापीठाची एलएलबी झाल्या, मग अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली. परीक्षा पास, पण कोर्टात उभं राहायची सनद नाही. १९०४ पासून सरकारने त्यांना बंगालकडच्या पडद्यातल्या बायकांची सल्लागार म्हणून नेमलं. विधवा, पोरकी मुलं, ज्यांच्या जमिनी-इस्टेटी दीर, चुलते आणि कारभारी गिळायला टपलेले. अशा ६०० च्या आसपास बायका-मुलांची बाजू त्यांनी सांभाळली, असं सांगितलं जातं. कोर्टाच्या आत जायला मात्र पुरुष वकीलच लागायचा.

आता जरा आपल्या मुळशीकडे येऊ. १९२१ ची रामनवमी आपल्या आजीपणजीच्या बोलण्यात असायची. टाटांच्या धरणासाठी सरकारने मुळशी पेट्यातल्या जमिनी घ्यायला काढल्या, त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. त्या रामनवमीला, १६ एप्रिलला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे ही नावं आपल्याला माहीत आहेत. बायकाही त्यात होत्या, तुरुंगातही गेल्या. जाईबाई भोईटे यांचं नाव तर त्या इतिहासात लिहिलेलं आहे. पुण्यातले सावकार-जमीनमालक पुढे मोबदल्याच्या वाटेने गेले. कसणारा एक आणि कागदावर नाव दुसऱ्याचं, असं जिथे होतं तिथे कसणाऱ्याच्या हाती काय लागणार? जमीन पाण्याखाली गेली.

त्या वर्षी मुळशीची बाई तुरुंगात जाऊ शकत होती, पण मुंबई हायकोर्टात वकील म्हणून एकही बाई उभी राहू शकत नव्हती. बायकांना वकिली करू देणारा कायदा आला १९२३ मध्ये. मग मिठन टाटा, पुढच्या मिठन लाम, मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या महिला वकील झाल्या. आडनाव टाटा म्हणून दचकू नका, धरणाच्या गोष्टीशी त्यांचा संबंध आम्ही जोडत नाही. आणि १९२४ मध्ये पुण्यात आयएलएस लॉ कॉलेज सुरू झालं. पौडहून चांदणी चौक, कोथरूड करत गेलं की लागतं तेच. ज्याच्यावरून लॉ कॉलेज रोड हे नाव पडलं.

हे सगळं सांगायचं कारण आपल्या दारातच आहे. हिंजवडी आपल्याच तालुक्यातली. तिकडची जमीन काय भावाने गेली हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि विकायच्या आदल्या दिवशी बहिणींना गाडी पाठवून हक्कसोडपत्रावर सह्या कशा घेतल्या जातात, तेही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, तो त्यावेळी लग्न न झालेल्या मुलींना. २००५ मध्ये देशाच्या कायद्याने तो सगळ्याच मुलींना दिला. कायदा आहे. तो सहीच्या आधी वाचून सांगणारी घरची मुलगी हवी.

तर आता पेपर. आपल्या राज्यात २०१६ पासून लॉ कॉलेजच्या प्रवेशासाठी ही सीईटी आहे. त्याआधी आधीच्या परीक्षेच्या मार्कांवर प्रवेश व्हायचे. सुरुवातीला दोन तासांत १५० प्रश्न असायचे. २०२४ पासून १२० झाले, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. पेपर कॉम्प्युटरवर असतो, चार उत्तरांतलं एक निवडायचं. कायद्याची समज, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी, तर्क, इंग्रजी, आणि पाच वर्षांच्या कोर्सला थोडं गणित. इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतही असतात, हे आपल्या मुलींना पुष्कळदा माहीतच नसतं. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट म्हणून वेगळी परीक्षा आहे. ती इंग्रजीतच असते आणि तिथे चुकलं की पाव मार्क जातो. दोन्हींचा सराव एकाच पद्धतीने करू नये.

कायद्याचा प्रश्न कसा असतो, ते एका उदाहरणाने बघा. नियम दिला आहे असं समजा: दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय शिरलं की अतिक्रमण, नुकसान झालं नाही तरी. आणि घटना अशी: शांताबाईंची कोंबडी शेजारच्या वावरात गेली, त्या तिला आणायला बांध ओलांडून गेल्या, पिकाच्या एका काडीलाही धक्का लागला नाही. अतिक्रमण झालं का? आपण सगळ्या म्हणणार, छे, त्यात काय झालं! पण उत्तर आहे, झालं. गावाची रीत काय, आपल्याला काय वाटतं, हे बाजूला ठेवून समोरचा नियम लावायचा. मुली इथे चुकतात. हुशारी कमी म्हणून नव्हे, सवय नाही म्हणून. अडलेल्या प्रश्नावर पाच मिनिटं बसून राहणं, ही दुसरी चूक. खूण करून पुढे जायचं, शेवटी परत यायचं.

ही सवय पुस्तक वाचून लागत नाही, घड्याळ लावून बसल्यावरच लागते. आणि घरात मुलीला सलग दोन तास कुठे मिळतात? दळण, पाणी, धाकटा भाऊ, आलेले पाहुणे. मुलगा अभ्यासाला बसला की आपण आवाज कमी करतो. मुलगी बसली की भाजी निवडायला हाक मारतो. हे आपल्याच घरातलं आहे.

म्हणून गटांना आमचं एक सुचवणं आहे. दर रविवारी समाजमंदिर किंवा शाळेची खोली दोन तास मागून घ्यायची. जितक्या मुली असतील तितक्या एकत्र बसतील. जुने पेपर छापून आणायचा खर्च गटातून. महिन्यातून एकदा तरी कॉम्प्युटरवर बसवायचं. घरी नसेल तर कुणाच्या ओळखीने, नाहीतर कॅफेत तास मोजून. माऊस हातात पहिल्यांदा परीक्षेच्या दिवशी यायला नको. अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, त्याची तारीख एकीने लक्षात ठेवायची. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, रहिवासी दाखला हे निकालानंतर काढू म्हटलं तर वेळेत हातात येत नाहीत. आताच तहसीलला अर्ज टाका. २०२४ मध्ये सरकारने व्यावसायिक कोर्सना जाणाऱ्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींचं शिक्षणशुल्क माफ केलं आहे. आपल्या मुलीला आणि त्या कॉलेजला ते लागू आहे का, हे कॉलेजात जाऊन विचारायचं.

आणि रविवारी खोलीबाहेर गटातली एकजण बसवायची. भिंतीवरचं घड्याळ आत, सगळे मोबाइल बाहेर तिच्या पिशवीत. दोन तास कुणी बोलवायला आलं, कुणाची सासू आली, कुणाचा भाऊ आला, तरी तिने दार उघडायचं नाही. चहा द्यायलासुद्धा नाही.