बर्लिनमधील रात्रजीवन व क्लब-संगीत

जर्मनीची राजधानी बर्लिन येथे पहिल्या महायुद्धानंतर वाढीस लागलेली आणि १९९० नंतर ‘टेक्नो’ या इलेक्ट्रॉनीय नृत्यसंगीतामुळे जगभर ख्याती पावलेली रंजनपरंपरा. राजकीय उलथापालथींमुळे मोकळ्या पडलेल्या वास्तू व शिथिल झालेले निर्बंध यांच्या आधारे ती घडत गेली.

वायमार प्रजासत्ताकाच्या काळात (१९१९–३३) कॅबरे, नृत्यगृहे व जॅझ यांसाठी बर्लिनचा यूरोपभर लौकिक होता. १९३३ मध्ये नाझी पक्ष सत्तेवर आल्यावर समलिंगी व्यक्तींची मद्यालये व नृत्यगृहे बंद पाडण्यात आली. १९३५ मध्ये जर्मन नभोवाणीवर जॅझला बंदी आली. दुसऱ्या महायुद्धानंतर शहराचे विभाजन झाले. पश्चिम बर्लिनमधील मद्यालये ठराविक वेळी बंद करण्याचे बंधन हॉटेलव्यावसायिक हाइन्ट्स त्सेलरमायर यांच्या खटपटीमुळे १९४९ मध्ये उठले. रात्र उलटून गेल्यावरही नृत्य चालू ठेवण्याची पुढील काळातील रीत या सवलतीमुळेच शक्य झाली.

१९७८ मध्ये क्रॉइट्सबर्ग भागात सुरू झालेले ‘एसओ ३६’ हे पंक संगीताचे केंद्र बनले. १९८८ मध्ये त्याच भागातील एका तळघरात ‘ऊफो’ हा क्लब निघाला. १ जुलै १९८९ रोजी डॉ. मोट्टे या संगीतयोजकाने काढलेल्या पहिल्या ‘लव्ह परेड’ मिरवणुकीत सुमारे १५० लोक होते. दहा वर्षांनी ही संख्या दहा लाखांवर गेली.

९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनची भिंत खुली झाली. पूर्व बर्लिनमधील अनेक कारखाने, कोठारे व तळघरे ओस पडली होती आणि त्यांच्या मालकीचा निर्णय लागलेला नव्हता. अशा वास्तूंत तरुणांनी नृत्यगृहे थाटली. वेर्टहाइम या जुन्या भांडाराच्या भूमिगत तिजोरीघरात डिमिट्री हेगेमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च १९९१ मध्ये ‘ट्रेझोर’ (तिजोरी) हा क्लब उघडला. अमेरिकेतील डिट्रॉइट या औद्योगिक शहरात कृष्णवर्णीय संगीतकारांनी घडविलेले टेक्नो संगीत येथे रुजले. पूर्व व पश्चिम भागांतील तरुण येथे प्रथमच बरोबरीच्या नात्याने एकत्र आले.

पुढे जमिनींचे भाव वाढले. ट्रेझोर २००५ मध्ये बंद पडला व २००७ मध्ये एका जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत पुन्हा सुरू झाला. २००४ मध्ये निघालेला ‘बेर्कहाइन’ हा क्लबही अशाच वास्तूत आहे. तेथील कार्यक्रम मैफलीसारखेच असल्याचे मान्य करून त्यांना १९ ऐवजी ७ टक्के कर लागू करण्याचा न्यायालयीन निर्णय २०१६ मध्ये झाला. बांधकाम-नियमांत क्लबांची गणना जुगारगृहांबरोबर होत असे. त्यांना सांस्कृतिक संस्थांचा दर्जा मिळावा, असा ठराव जर्मन संसदेने २०२१ मध्ये संमत केला. २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीचा समावेश जर्मनीच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय सूचीत झाला. या मान्यतेमुळे जागांचा प्रश्न मात्र सुटला नाही : २००२ पासून श्प्रे नदीकाठी चालणारा ‘वॉटरगेट’ हा क्लब वाढत्या खर्चामुळे २०२४ च्या अखेरीस बंद झाला.