व्हिब्रिओ अँग्विलॅरम : लोहनियंत्रित जनुके

समुद्रात व निमखाऱ्या पाण्यात राहणारा, किंचित वाकडा, दंडाकार जीवाणू. सॅमन, ट्राउट, ईल इ. माशांना त्याच्यामुळे व्हिब्रिओसिस हा रक्तस्रावी, बहुधा प्राणघातक रोग होतो. लोहाच्या उपलब्धतेनुसार जनुके कशी चालू-बंद होतात, हे ज्या मोजक्या सागरी जीवाणूंत बारकाईने तपासले गेले, त्यांत याचे स्थान महत्त्वाचे आहे.

लोहटंचाई : ऑक्सिजनयुक्त, अल्कधर्मी समुद्रजलात फेरिक लोह जवळजवळ विरघळत नाही. खुल्या महासागराच्या पृष्ठभागी ते बहुधा लिटरमागे १ नॅनोमोलहूनही कमी असते. माशाच्या रक्तातील लोह ट्रान्स्फेरिन या प्रथिनाशी बांधलेले असते, म्हणून जीवाणूला तेथेही ते सहज मिळत नाही.

पीजेएम१ प्लाझ्मिड : रोगकारकता व लोहग्रहण यांचा या जीवाणूतील पीजेएम१ या प्लाझ्मिडशी (गुणसूत्राबाहेरील डीएनएशी) असलेला संबंध होर्हे क्रोसा यांनी १९८० मध्ये दाखवला. प्लाझ्मिड गमावलेले वाण माशांत फारसे तग धरत नाहीत. माशांना आधी लोह टोचले, तर मात्र तेही घातक ठरतात. सुमारे ६५,००० आधारक-जोड्यांच्या या प्लाझ्मिडवर अँग्विबॅक्टिन हा लोहवाहक रेणू बनवणारी बरीच जनुके आणि तो लोहासह पेशीत परत घेणारी ‘फॅट’ जनुके आहेत.

नियंत्रण : पेशीत लोह पुरेसे असताना फेरस लोहाशी संयोग पावलेले ‘फर’ प्रथिन जनुकांच्या प्रारंभक भागावर बसून प्रतिलेखन रोखते. लोह घटले की ते सुटते व जनुके कार्यान्वित होतात. म्हणजे लोहाचा अभाव हाच येथे संकेत होय. याखेरीज अँगआर हे प्रथिन अँग्विबॅक्टिनच्या संश्लेषणात भाग घेते आणि अँग्विबॅक्टिनच्या जनुकांची अभिव्यक्तीही वाढवते. लोह मुबलक असताना आरएनए-अल्फा हा प्रतिरोधी आरएनए ‘फॅट’ जनुकांची अभिव्यक्ती घटवतो. आरएनए-बीटा हा दुसरा आरएनए फॅटए व अँगआर या जनुकांच्या दरम्यान प्रतिलेखन थांबवतो. त्यामुळे एकाच ओपेरॉनमधील (एकत्र प्रतिलेखित होणाऱ्या जनुकगटातील) वहनजनुकांचे संदेशवाहक आरएनए संश्लेषणजनुकांपेक्षा अधिक तयार होतात.

गुणसूत्रीय यंत्रणा : पीजेएम१ नसलेले अनेक वाण गुणसूत्रावरील जनुकांच्या साहाय्याने व्हँक्रोबॅक्टिन हे दुसरे लोहवाहक द्रव्य बनवतात. पीजेएम१ असलेल्या ७७५ या वाणात त्याच्या एका जनुकात चल डीएनए-खंड शिरल्याने ते बनत नाही.

वर्गीकरण : १९८५ मध्ये या जीवाणूचा लिस्टोनेला या प्रजातीत समावेश सुचवला गेला, पण आज व्हिब्रिओ हेच नाव रूढ आहे.

इतर जीवाणू : लोहटंचाईत अनेक सागरी सायनोबॅक्टेरिया फेरेडॉक्सिन या लोहयुक्त प्रथिनाऐवजी लोहरहित फ्लॅव्होडॉक्सिन वापरतात.