हळद जुनी, साबण नवा

हल्ली लग्नातल्या भेटवस्तूंपासून गोव्यातल्या दुकानांपर्यंत सगळीकडे हाताने केलेला हळदीचा साबण दिसतो. वेष्टनावर 'आजीच्या काळचा', 'पूर्ण नैसर्गिक', 'त्वचा उजळवणारा', 'पर्यावरणस्नेही' असं सगळं एकदम लिहिलेलं असतं. मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासले, त्यामुळे कागदावर चार दावे एका ओळीत दिसले की प्रत्येकाचं खातं वेगळं उघडायची सवय लागली आहे. तेच आज करतो.

पहिला दावा आजीच्या काळाचा. आजीच्या काळी हळद होती, हळदीचा साबण नव्हता. आमच्या बेळगावच्या घरात अंगाला लागायचं ते डाळीचं पीठ, आणि दिवाळीला उटणं. उटण्यात मसूर डाळ, नागरमोथा, वाळा, कचोरा, संत्र्याची वाळलेली साल आणि आंबेहळद. डोक्याला शिकेकाई-रिठा, तोही खानापूरकडच्या रानातून आलेला. साबण घरात शिरला तो आधी धोतरं धुवायला. इंग्रजांच्या लष्करी छावणीमुळे विलायती साबण गावाला माहीत होता, पण सोवळ्यातल्या घरांना त्यात चरबी असल्याचा संशय होता, आणि तो खोटाही नव्हता. त्या काळी साबणात जनावराची चरबी सर्रास वापरत.

हा अडसर देशी कारखानदारांनी काढला. आर्देशिर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण बाजारात आणला आणि चरबी नसल्याचं जाहीर सांगितलं. म्हैसूर संस्थानात चंदनाचा साबण निघाला, त्या सरकारी कारखान्याची सुरुवात 1916 ची. 1924 च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन आमच्या गावात भरलं, आणि स्वदेशीचं वारं घराघरांत गेलं. आमचे आजोबा सांगायचे की अंगाचा साबण घरात आला तो त्यानंतरच. पुढे टाटा ऑईल मिल्सचा मोती साबण आला आणि दिवाळीच्या पाटाजवळ उटण्याच्या वाटीशेजारी जाऊन बसला. पण बघा, वाटी वेगळी आणि वडी वेगळी. दोन्ही एकत्र कुणी केली नव्हती.

त्याला एक कारण होतं, आणि ते प्रत्येक घराला माहीत होतं. पांढऱ्या सदऱ्यावर आमटीचा डाग पडला आणि त्यावर साबण लावला की डाग लालभडक होतो. मग तो कपडा उन्हात टाकला की डाग हळूहळू उडून जातो. हळदीतलं पिवळं द्रव्य म्हणजे कुर्कुमिन. ते 1815 साली पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. आंबट किंवा साध्या पदार्थात ते पिवळं राहतं, खारात लाल होतं आणि तिथे फार काळ टिकत नाही. उजेडातही विरतं. हळदीला चुना लावून लाल करायची युक्ती आपल्या बायकांना कधीपासून ठाऊक आहे. करमाळ्याजवळचं केम हे गाव तर कुंकवासाठीच ओळखलं जातं.

आता साबण म्हणजे काय? तेल अधिक कॉस्टिक सोडा. तयार साबणही खारटच, त्याचा पीएच साधारण 9 ते 10. म्हणजे हळद साबणात घातली की कुर्कुमिनची मोडतोड वडीतच सुरू होते. खऱ्या हळदीचा साबण आधी नारिंगी-विटकरी होतो आणि महिन्या दोन महिन्यांत फिका पडतो. वर्षभर लख्ख पिवळा राहिला तर रंग बहुधा निराळा घातलेला आहे असं समजावं.

खानापूर तालुक्यातल्या एका गावातल्या स्त्रीशक्ती गटाने असा साबण करायला घेतला आणि खर्चाचा हिशोब बघायला मला बोलावलं, तेव्हा मी हाच आकडा आधी मांडला. नाबार्डने 1992 साली 500 बचतगटांना बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला तेव्हापासून मी गटांची कर्जं बघत आलो, त्यामुळे बायका मोकळेपणाने बोलतात. त्यांचं प्रमाण असं: एक किलो खोबरेल, 175 ग्रॅमच्या आसपास कॉस्टिक, पाणी, आणि 10 ग्रॅम हळद. त्यातून 100 ग्रॅमच्या चौदा वड्या. म्हणजे एका वडीत पाऊण ग्रॅमसुद्धा हळद नाही. हळदीत कुर्कुमिन शेकडा तीन धरलं तर वडीत वीसेक मिलिग्रॅम. वडी पंचवीस आंघोळी चालते. एका आंघोळीला एक मिलिग्रॅमहून कमी, तेही मोडलेलं, आणि मिनिटभरात मोरीत.

गटाच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "साहेब, मग हळद काढून टाकली तर घेणार कोण?"

मी म्हटलं, "बाई, हळद राहू द्या. पण वेष्टनावर 'रंग उजळतो' लिहिलंय ना, ते काढा."

हे मी हिशोबासाठी म्हटलं तसं आमच्या आक्कासाठीही म्हटलं. आक्का माझी थोरली बहीण, रंगाने सावळी. साठच्या दशकात तिला बघायला पाहुणे यायचे ठरले की आत्या तिला महिना महिना आधीपासून साय आणि हळद चोळायची. आक्काच्या पोलक्यांच्या गळ्याला पिवळे डाग पडायचे, शाळेतल्या मुली हसायच्या. रंग होता तोच राहिला. दोन ठिकाणांहून नकार आले तेव्हा आत्या म्हणाली, हळद अस्सल नसेल. आक्काचं पुढे सगळं नीट झालं, पण तिने आपल्या दोन्ही मुलींना हळद लावली ती फक्त गुडघा फुटल्यावर.

आणि हळदीचा खरा मान तिथेच आहे. अमेरिकेत 1995 साली दोन संशोधकांना जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं. आपल्या सीएसआयआरने त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवले, आणि 1997 साली ते पेटंट रद्द झालं. तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, मूळचे गोव्यातल्या माशेलचे. आपण अभिमानाने हा किस्सा सांगतो, पण तो जखमेचा आहे, गोरेपणाचा नाही. हळदीत सूज आणि जंतू कमी करायचा गुण आहे, पण ती अंगावर काही वेळ राहिली तर. उटण्यात ती साय-दुधात कालवून दहा मिनिटं अंगावर असते, साबणात नसते. काहींना हळदीने खाजही सुटते, तेव्हा चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आत थोडी लावून बघावी.

मग हा साबण घ्यायचाच नाही का? घ्यायचा, पण दुसऱ्या कारणांसाठी. तेल आणि कॉस्टिक मिळून साबण होताना ग्लिसरीन सुटतं. मोठे कारखाने ते बहुधा वेगळं काढून विकतात. हाताने केलेल्या साबणात ते वडीतच राहतं, म्हणून कातडी कमी ओढते. विकतच्या साबणावर टीएफएम बघावा: पहिल्या प्रतीला निदान 76 टक्के, दुसरीला 70, तिसरीला 60, आणि नुसती 'बेदिंग बार' असेल तर 40 लाही चालतं. वडीचा कस तेलात असतो, हळदीत नाही.

शेवटचं खातं पर्यावरणाचं. सांगलीच्या शाखेत असताना मी हळदीवर तारण कर्जं दिली आहेत, हरिपूरची पेवं बघितली आहेत. 2005 च्या पुरात त्यातली कितीतरी पाण्याखाली गेली. हळद शेतात आठ-नऊ महिने असते. काढल्यावर काहिलीत शिजवतात, वाळवतात, पॉलिश करतात. शंभर किलो ओली हळद वाळून वीस किलोच्या आसपास उरते. जळण भरपूर लागतं. पण साबणात हळद असते किलोला 10 ग्रॅम, म्हणून हळदीचा भार वडीवर नगण्य. खरा भार तेलाचा. खोबरेल कोकण-गोव्याकडचं असेल तर एक गोष्ट, आणि परदेशातून आलेल्या पामतेलाचा तयार साबण-चुरा आणून वितळवला आणि वर हळद टाकली तर दुसरी गोष्ट. दोन्हींवर 'हाताने केलेला' असंच लिहिता येतं.

मोरीतून जाणाऱ्या पाण्याचं म्हणाल तर साधा साबण लवकर कुजतो, ही जमेची बाजू. आमच्या बळ्ळारी नाल्याकाठचे शेतकरी शहराच्या सांडपाण्याने किती वर्षं त्रासले आहेत. तो त्रास अंगाच्या साबणाने आला नाही आणि हळदीच्या साबणाने जाणारही नाही.

आणखी एक आकडा लिहितो, कारण तो कुणी सांगत नाही. पंधरा लिटरची बादली पंधरा अंश तापवायला पाव युनिट वीज लागते. पंचवीस आंघोळींचे साडेसहा युनिट. म्हणजे एक वडी संपेपर्यंत गीझर जे खातो त्यापुढे साबणाचं वेष्टन कागदाचं की प्लॅस्टिकचं हा वाद लहान आहे. पर्यावरण वाचवायचं तर बादली अर्ध्यावर आणा, किंवा गच्चीवर सौर बंब बसवा.

गटाच्या बायकांनी दोन बैठका वाद घातला. एक तरुण सून म्हणाली, 'उजळ' हा शब्द काढला तर जत्रेत खप पडेल. त्यावर एक वयस्कर बाई बोलल्या, "माझ्या पोरीला काळी म्हणून परत पाठवलेत, मी ते लिहून विकणार नाही." वाद तिथे संपला. आता वेष्टनावर मराठी आणि कन्नडमध्ये एवढंच आहे: खोबरेल, कॉस्टिक, पाणी, हळद, तयार केल्याची तारीख. कॉस्टिक पाण्यात सोडायचं, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही, ही सूचना त्यांच्या कामाच्या खोलीत भिंतीवर रंगवली आहे, आणि वड्या सहा आठवडे फळीवर वाळल्याशिवाय बाहेर जात नाहीत. सौंदर्यप्रसाधनाचा परवाना लागतो, त्याचा अर्ज भरायला मी मदत करतो आहे. पहिल्या दिवाळीला खप थोडा कमी झाला, हप्ता मात्र चुकला नाही.

तुमच्या घरी, इंदूर-बडोद्याकडे, हैदराबादेत उटण्यात काय काय पडायचं? आमच्या कचोऱ्याला तुमच्याकडे काय म्हणतात? प्रमाणासकट लिहा. हे कुठेतरी एका जागी लिहून ठेवायला हवं.