टाकी मिळाली, घर कुणाच्या नावावर?

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि आपल्या उमरगा-लोहारा भागातली कितीतरी गावं नव्या जागी वसली. घरं पक्की मिळाली, पण जुना शेजार सुटला, काहींचं शेत लांब पडलं. गाव उठणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आपली गावं भूकंपाने उठवली. चंद्रपूर-यवतमाळकडे कोळशाच्या खाणीसाठी गावं उठतात. तिथल्या बाईच्या वाट्याला काय येतं, ते आज बघू.

1894 मध्ये इंग्रज सरकारने जमीन घेण्याचा कायदा केला. त्यात कंपनीसाठीही जमीन घेता येत होती. याच कायद्याने मुळशी खोऱ्यात टाटा कंपनीच्या धरणासाठी जमिनी घेतल्या. 1921 मध्ये तिथे सत्याग्रह झाला. सेनापती बापट त्यात होते, मावळातल्या बायकाही उतरल्या. तरी धरण झालंच. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे होत्या. म्हणजे घाम कसणाऱ्याचा, पण मोबदला कागदावरच्या नावाला.

कोळशासाठी पुढे 1957 मध्ये वेगळा कायदा आला. सरकारी कोळसा कंपनी जमिनीच्या बदल्यात पैसे देई, नोकरीही देई. पण 1952 च्या खाण कायद्याने बाईला जमिनीखाली कामाची बंदी होती. ती सैल झाली 2019 मध्ये. मग नोकरी बहुतेक घरच्या पुरुषालाच मिळाली. बाईची खुरपणीची मजुरी, शेळ्यांचं चरणं, सरपण गेलं, त्याची नोंद कुठेच नाही.

2013 च्या नव्या कायद्याने थोडं बदललं. जमीन नसली तरी तीन वर्षं तिथल्या शेतीवर पोट भरणारी मजूर बाई बाधित धरली जाते. विधवा, घटस्फोटित, टाकलेली बाई हे स्वतंत्र कुटुंब मानलं जातं. घराची जागा नवरा-बायको दोघांच्या नावावर देता येते. मोबदल्याच्या आणि पुनर्वसनाच्या या तरतुदी 2015 पासून कोळशाच्या जमिनीलाही लागू झाल्या.

त्याच 2013 साली दुसरा एक कायदा झाला. मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्च करायचे. शाळेची खोली, पाण्याची टाकी, शिलाई मशीन त्यातून येतात. घ्यावं, वापरावं. पण ती जमिनीची किंमत नव्हे. टाकी मिळाली म्हणून पुनर्वसनाचा हक्क फिटत नाही. दोन्हींचा हिशोब वेगळा मागायचा.

आपल्याकडे कोळसा नाही. पण तलाव, रस्ता, कारखाना यांसाठी मोजणीवाले कधीही येतील. तेव्हा गटाने ग्रामसभेत बाधितांची यादी मोठ्याने वाचून घ्यावी. कोण विधवा सुटली, कोण मजूर राहिली, ते तिथेच लिहून द्यावं.

आणि आज घरी गेल्यावर सातबारा आणि घराचा नमुना 8 काढून बघा. त्यावर तुमचं नाव आहे का? नसेल तर पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या.